सिन्नरचा हॉस्पिटल असिस्टंट आणि सव्वाशे वर्षांचा कायदा

१/ जानेवारी १८९८. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सरकारी माणसांवर मोठा जमाव चालून गेला आणि त्या हल्ल्यात एका हॉस्पिटल असिस्टंटचा बळी गेला. पुण्यातील रँडवधाची कथा महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सिन्नरची ही घटना मात्र फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. आजचा धागा तिच्यापासून सुरू होतो आणि एका प्रश्नाचा माग काढतो. रुग्णसेवा करणाऱ्यावर कुणी हात उगारला, तर त्या गुन्ह्याला आपल्या कायद्याने काय नाव दिले, किती शिक्षा सांगितली आणि ते नाव द्यायला त्याला एवढा काळ का लागला?

२/ प्रथम पार्श्वभूमी. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वराचे, म्हणजे गाठीच्या प्लेगचे, निदान केले. बंदराला लागून असलेली धान्याची गुदामे, दाटीवाटीच्या चाळी आणि मुंबईतून चहूकडे धावणाऱ्या आगगाड्या यांमुळे रोग पुण्यात, नाशकात आणि पुढे देशभर पसरला. त्या काळी त्यावर औषध नव्हते. वाल्डेमार हाफकिन यांनी प्रतिबंधक लस प्रथम स्वतःला टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ रोजी. तोवर सरकारच्या हाती एकच उपाय होता : आजारी माणूस शोधणे आणि त्याला घरापासून वेगळे करणे.

३/ हा उपाय लोकांच्या घरात शिरला, तेव्हा पहिला भडका उडाला. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे अधिकार जाहीर केले. त्याच महिन्याच्या २९ तारखेला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, ही तेव्हाची सार्वत्रिक समजूत होती. ती अगदीच निराधारही नव्हती, कारण प्लेगच्या वॉर्डात दाखल झालेल्यांपैकी बहुतेक जण खरोखरच दगावत. जमावाच्या डोळ्यांना रोग दिसत नव्हता. दिसत होते ते इस्पितळ आणि त्यातील माणसे.

४/ या गोंधळात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला. तो इतका छोटा होता की एका पानावर मावावा. कलम २ ने सरकारला साथ रोखण्यासाठी जवळपास हवे ते हुकूम काढण्याचा अधिकार दिला. कलम ३ ने हुकूम मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा ठेवली : सामान्यतः एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड आणि जीविताला धोका निर्माण झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आता कलम ४ पाहू. या धाग्याच्या दृष्टीने तेच सर्वांत बोलके आहे.

५/ कलम ४ चे विषयनाम होते संरक्षण. या कायद्याखाली सद्‌भावनेने कृती करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीविरुद्ध दावा किंवा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही, एवढेच ते सांगत होते. म्हणजे १८९७ च्या कायद्याने प्लेगच्या कामावरील माणसाचे संरक्षण केले ते रुग्णाच्या फिर्यादीपासून. रुग्णाच्या आप्तांनी उगारलेल्या काठीचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता. कायदा हुकमाचा रखवालदार होता. तो हुकूम घेऊन लोकांच्या उंबऱ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाची त्याला वेगळी दखल नव्हती. ही त्रुटी कागदावरून निघायला पुढे १२३ वर्षे लागली.

६/ पुण्यात या हुकमाचे रूप आपण सारे जाणतो. वॉल्टर चार्ल्स रँड हा डॉक्टर नव्हता. तो सनदी अधिकारी आणि प्लेग समितीचा अध्यक्ष होता. गोऱ्या सोजिरांकरवी घरझडती, स्त्रियांची तपासणी, सामानाची जाळपोळ या प्रकारांनी शहर संतापले आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. रँडवध हा सत्तेवरील प्रहार होता आणि इतिहासाने त्याची नोंद तशीच केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच पुण्याच्या परिसरात दुसरा एक मृत्यू झाला होता. पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी प्लेगचे रुग्ण आणताना संसर्ग होऊन १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. साथ एकच, एका ठिकाणी हुकूम होता, दुसऱ्या ठिकाणी सेवा.

७/ सिन्नरचा हॉस्पिटल असिस्टंट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभा होता. ही श्रेणी समजून घ्यायला हवी. हॉस्पिटल असिस्टंट हे बहुधा एतद्देशीय असत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळांत शिकून ते सरकारी दवाखान्यांत रुजू होत. वरच्या जागी सिव्हिल सर्जन, त्याखाली असिस्टंट सर्जन आणि सर्वांत खाली हा. पगार बेताचा, बदल्या गावोगावी. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी वैद्यक म्हणजे व्यवहारात हाच माणूस. जखम बांधणारा तोच, देवी टोचल्या की नाहीत हे पाहणारा तोच आणि प्लेग आला तेव्हा रुग्ण कोण हे ठरवणाराही तोच.

८/ येथेच त्याच्या मृत्यूचे कारण दडलेले आहे. रुग्णाला गावाबाहेरच्या झोपड्यांत हलवावे, घर रिकामे करावे, प्रेत वाटेल तेथे नेऊ देऊ नये, हे निर्णय मुंबईच्या सचिवालयात झाले होते. त्यांवर ज्यांची सही होती ते सिन्नरच्या जमावाला दिसणार नव्हते. दिसत होता तो आपल्यासारखाच मराठी मुलखात वावरणारा, आपल्या घरातील आजारी माणसाचा हात धरून नाडी पाहणारा आणि त्याला उचलून न्यायला सांगणारा असिस्टंट. धोरणाविषयीचा राग धोरणापर्यंत पोहोचत नाही. तो वाटेत भेटणाऱ्या पहिल्या माणसावर निघतो. वाचकहो, हे वाक्य मनात ठेवा. पुढील शतकभराच्या हकिकतीत ते पुन्हा पुन्हा खरे ठरणार आहे.

९/ अशा हल्ल्याकडे तेव्हाचा फौजदारी कायदा कोणत्या नजरेने पाहत होता? १८६० च्या दंड संहितेत खून, दंगल, दुखापत यांची सर्वसाधारण कलमे होतीच. त्यांखेरीज लोकसेवकासाठी खास कलमे होती. कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर : कलम ३५३, दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला दुखापत : कलम ३३२, तीन वर्षांपर्यंत. जबर दुखापत : कलम ३३३, दहा वर्षांपर्यंत. असिस्टंट सरकारी नोकर असल्याने ही कलमे त्याला लागू होती. मात्र पोलीस शिपाई, तलाठी आणि वैद्यक यांत ती भेद करत नव्हती. तो रुग्णसेवक होता म्हणून कायदा त्याच्या पाठीशी उभा नव्हता. तो सरकारचा हात होता म्हणून उभा होता.

१०/ सिन्नरनंतर दीड-दोन महिन्यांतच, ९ मार्च १८९८ रोजी, मुंबईत मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसे मेली, हल्ले इस्पितळांपर्यंत पोहोचले. यानंतर सरकारने जे केले त्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे. दंगलखोरांना शिक्षा देण्याचे सत्र चालूच राहिले. पण त्याबरोबर धोरणही बदलू लागले. घरझडत्या सैल झाल्या, सक्तीऐवजी समजावणीवर भर आला, जातीजमातींनी स्वतः चालवलेल्या इस्पितळांना वाव मिळाला. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारण्यात पुढाकार घेतला होता, तो याच विचाराने. दंडाने जे साधले नव्हते, ते विश्वासाने थोडेफार साधले.

११/ एक गैरसमज येथेच दूर करू. सक्ती सैल झाली म्हणून प्लेग थांबला नाही. पुढील दशकांत देशात त्याचे बळी एक कोटीच्या वर गेले. सिन्नरचा जमाव बरोबर होता, असेही या हकिकतीतून निघत नाही. त्या दिवशी मारला गेलेला माणूस हुकमाचा कर्ता नव्हता आणि त्याच्या मरणाने एकही रुग्ण वाचला नाही. लोकांची तक्रार खरी असू शकते आणि तरीही त्यांनी निवडलेला माणूस चुकीचा असू शकतो, एवढेच सिन्नर आपल्याला शिकवते. कायद्यापुढचे खरे कोडेही हेच होते : त्या माणसाला वाचवायचे आणि ती तक्रारही ऐकायची.

१२/ आता काळाची मोठी उडी घेऊ. स्वातंत्र्यानंतर दंड संहिता तीच राहिली, साथरोग अधिनियमही तोच राहिला. बदलले ते वैद्यकाचे रूप. जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी सिव्हिल हॉस्पिटलांच्या जोडीला खासगी दवाखाने आणि नर्सिंग होम उभी राहिली. नाशिकसारख्या शहरात आज रुग्णांचा मोठा ओघ तिकडेच जातो. तेथील डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय हे लोकसेवक नव्हते. कलम ३५३ त्यांच्यासाठी नव्हते. सरकारी रुग्णालयातील परिचारिकेच्या कानशिलात मारली तर तो अजामीनपात्र गुन्हा, आणि रस्त्यापलीकडील खासगी रुग्णालयातील परिचारिकेच्या मारली तर बाजारातील साध्या मारामारीइतकाच गुन्हा, अशी ही विसंगती होती.

१३/ हल्लेखोर नेहमी बाहेरचाच असतो असेही नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. त्या पुढे ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, त्याच रुग्णालयात अचेतनप्राय अवस्थेत होत्या आणि त्यांच्या सहकारी परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. हल्लेखोर दोषी ठरला तो खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी यांसाठी. शिक्षा झाली सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. रुग्णालय हे कामाचे ठिकाण आहे आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता ही मालकाची जबाबदारी आहे, ही मागणी घेऊन तेव्हा मुंबईतील परिचारिका संपावर गेल्या होत्या.

१४/ दुसऱ्या बाजूला रुग्णाच्या तक्रारीचे काय? १८९७ च्या कलम ४ ने तिचे दार बंद केले होते, पण ते फक्त साथीपुरते. एरवी दिवाणी दाव्याचा मार्ग होता. तो लांबचा आणि खर्चाचा. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की डॉक्टरला फौजदारी दोषी धरायचे तर निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा हवा. म्हणजे मार्ग होते. पण रात्री दोन वाजता, अतिदक्षता विभागाच्या दाराशी, हातात बिल आणि आत मृतदेह अशा अवस्थेतील माणसाला यांपैकी एकही मार्ग दिसत नाही.

१५/ त्या दाराशी काय घडू शकते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण २६ ऑगस्ट २००१ चे. ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांचे अपघातानंतरच्या उपचारांदरम्यान सिंघानिया रुग्णालयात निधन झाले. बातमी पसरताच संतप्त समर्थकांच्या जमावाने रुग्णालयाची मोडतोड केली, आग लावली. आत इतर रुग्ण होते. त्यांना हलवावे लागले. एका मृत्यूच्या शोकाने शहराचे एक रुग्णालयच गेले. नुकसान डॉक्टरांपुरते राहत नाही, उद्याच्या रुग्णालाही ते सोसावे लागते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. येथून पुढे स्वतंत्र कायद्याची मागणी जोर धरत गेली.

१६/ आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू यांनी २००८ मध्ये असे कायदे केले. महाराष्ट्राचा कायदा २०१० चा : वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि वैद्यकीय सेवा संस्था यांच्यावरील हिंसक कृत्ये आणि मालमत्तेची हानी यांना प्रतिबंध करणारा अधिनियम. त्यात डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय आणि परिचर्येचे विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी असे सारे आले. सरकारी आणि खासगी हा भेद गेला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. मोडतोड केलेल्या उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई, आणि ती न दिल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली.

१७/ हा बदल केवळ आकड्यांचा नव्हता. सिन्नरच्या असिस्टंटला जे मिळाले नव्हते, ते येथे प्रथम मिळाले. कायद्याने विचारले : हा माणूस रुग्णसेवा करत होता का? त्याची नेमणूक कुणी केली, पगार कोण देतो, हा प्रश्न मागे पडला. हुकमाच्या रक्षणाकडून हाताच्या रक्षणाकडे कायदा वळला तो येथे.

१८/ या अधिनियमाची दुसरी बाजू मात्र क्वचितच चर्चेत येते. वैद्यकीय निष्काळजीपणाविषयी किंवा उपचारांतील ढिसाळपणाविषयी पीडितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी, त्यांना योग्य न्यायमंचाकडे जाण्यास साहाय्य करण्यासाठी, वैद्यक, कायदा, ग्राहक चळवळ आणि आरोग्य व्यवस्थापन या क्षेत्रांतील तज्ज्ञांचे एक प्राधिकरण स्थापन करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. म्हणजे विधिमंडळाला १८९८ चा धडा, कळत वा नकळत, उमगला होता : काठी उगारणाऱ्याला शिक्षा आणि तक्रारदाराला दार, या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात हव्यात. रुग्णालयांच्या भिंतींवरील फलक आपण आठवून पाहा. तीन वर्षांची कैद आणि दंड त्यांवर ठळक असतो. तक्रार कुठे करावी हे किती फलकांवर लिहिलेले असते?

१९/ कायदा झाला म्हणून हल्ले थांबले नाहीत. मार्च २०१७ मध्ये, नाशिक महसूल विभागातीलच धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात, अपघातातील रुग्णासोबत आलेल्या जमावाने एका तरुण निवासी डॉक्टरला बेदम मारले. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ तेथे उपलब्ध नसल्याने रुग्णाला अन्यत्र न्यावे, असे त्याने सांगितले होते. तज्ज्ञाचे पद भरणे त्याच्या हाती नव्हते. नकाराचा निरोप सांगणे तेवढे त्याच्या वाट्याला आले होते. सिन्नर आणि धुळे यांत ११९ वर्षांचे अंतर आहे. निरोप्याचे प्राक्तन बदललेले नाही.

२०/ पाठोपाठ मुंबईच्या शीव रुग्णालयातही मारहाण झाली आणि राज्यभरातील हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. डॉक्टरांना कामावर परतण्यास आणि शासनाला सुरक्षा देण्यास सांगण्यात आले. ११०० सुरक्षारक्षकांचे आश्वासन मिळाले, रुग्णासोबत दोनच नातेवाइकांना प्रवेश हे धोरण पुढे आले. पुढील वर्षी राज्याने कलम ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र त्याच गुन्ह्यासाठी, कलम १३२ खाली, मर्यादा पुन्हा दोन वर्षांचीच आहे. शिक्षेचा आकडा वर जातो, खाली येतो. वॉर्डातील परिस्थिती त्या गतीने बदलत नाही.

२१/ मग आली कोविडची साथ आणि जुना १८९७ चा कायदा पुन्हा कपाटातून बाहेर आला. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने, आणि सप्टेंबर २०२० मध्ये संसदेच्या अधिनियमाने, त्यात नवी कलमे आली. आरोग्यसेवकावरील हिंसेला तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. जबर दुखापतीस सहा महिने ते सात वर्षे आणि एक ते पाच लाख रुपये. तपास तीस दिवसांत, खटला वर्षभरात संपवण्याचे बंधन. जबर दुखापतीच्या खटल्यात आरोपी दोषी असल्याचे गृहीतक, ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर. परिचारिकांना भाड्याच्या घरातून हुसकावण्यासारखा छळही हिंसेच्या व्याख्येत आला. ज्या कायद्यात संरक्षण म्हणजे रुग्णाच्या दाव्यापासून संरक्षण होते, त्याच कायद्यात १२३ वर्षांनी मारहाणीपासूनचे संरक्षण लिहिले गेले. पण तेही साथ असेपर्यंतच.

२२/ नाशिकने तो काळ कसा पाहिला? २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावले. परिचारिका आणि नातेवाईक मिळेल तो सिलिंडर ओढून आणत होते. महिना उलटायच्या आत, मे महिन्यात, नाशिकरोडच्या बिटको रुग्णालयात एक मोटार काचेचे दार फोडून थेट आत घालण्यात आली. पहिल्या घटनेत शोकाकुल कुटुंबांना चौकशीचा, उत्तराचा आणि भरपाईचा पूर्ण हक्क होता. दुसऱ्या घटनेत कर्मचाऱ्यांना निर्भयपणे काम करण्याचा हक्क होता. हे दोन हक्क परस्परविरोधी आहेत असे मानणे, हीच या साऱ्या इतिहासातील मूळ चूक आहे.

२३/ देशपातळीवरील चित्रही थोडक्यात पाहू. जून २०१९ मध्ये कोलकात्यातील हल्ल्यानंतर केंद्राने दहा वर्षांपर्यंत शिक्षा सुचवणारा मसुदा काढला. तो कायदा झाला नाही. केरळने २०२३ मध्ये आपल्या कायद्यातील शिक्षा सात वर्षांपर्यंत नेली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील तरुण डॉक्टरवरील अत्याचार आणि हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. हल्ला झाल्यास सहा तासांत संस्थाप्रमुखाने गुन्हा नोंदवावा, असे निर्देश केंद्राच्या आरोग्य खात्याने काढले. वेगळ्या केंद्रीय कायद्याची मागणी अजून उभी आहे. प्रत्येक वेळी क्रम तोच : घटना, संप, वाढीव शिक्षा, विस्मरण.

२४/ या प्रवासाचा निष्कर्ष काय? शिक्षा हवीच. १८६० ते २०१० या दीडशे वर्षांत खासगी रुग्णालयातील परिचारिकेला कायद्याने नाव दिले नव्हते, ते देणे ही मोठी प्रगती आहे आणि ती हलकी लेखू नये. पण शिक्षेचा धाक त्यालाच वाटतो जो परिणामांचा विचार करण्याच्या स्थितीत असतो. आप्ताचे प्रेत समोर असलेला जमाव तसा नसतो. त्याला थांबवायला लागते ती भरलेली पदे, वेळीच बोलणारा वरिष्ठ, उपचारांची आणि खर्चाची आधी दिलेली स्पष्ट कल्पना आणि तक्रार ऐकणारे जवळचे दार. प्लेगच्या राज्यकर्त्यांनाही बंदुका हाती असताना अखेर हेच उमगले होते.

२५/ सिन्नरच्या त्या घटनेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नाशिकला आहे. राज्यभरातील वैद्यकीय, दंतवैद्यकीय, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या पदव्यांवर आज त्याच विद्यापीठाचा शिक्का असतो. धाग्याच्या वाचकांपैकी काही जण उद्या ती पदवी घेऊन एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला उभे असतील. उरलेले सारे कधी ना कधी कुणाचे तरी नातेवाईक म्हणून त्यांच्यासमोर उभे राहतील. त्या क्षणी समोरचा माणूस हुकमाचा धनी आहे की निरोप्या, एवढा प्रश्न मनात आला तरी पुरे. आपल्या गावातील जुन्या दवाखान्याची, साथीच्या काळातील छावणीची माहिती किंवा आठवण घरात कुणी सांगत असेल, तर खाली अवश्य लिहा.